एकच रोखा, चार दर: पाचव्या आर्ग्युमेंटचे प्रकरण

गुंतवणूक समितीसमोर एकपानी टिपण आले. शिल्लक रक्कम साडेसहा महिन्यांसाठी कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न होता. पर्याय दोन: डिस्काउंटवर, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा कमी पैशांत मिळणारा, मध्ये व्याज न देणारा एक अल्पमुदतीचा रोखा, किंवा तेवढ्याच मुदतीची बँकेतली ठेव. रोख्यासमोर दर होता ७.५ टक्के. ठेवीसमोरही ७.५ टक्के. शेवटच्या रकान्याचे शीर्षक होते 'ठेवीइतका किंवा जास्त?' आणि त्याखाली शीटने उत्तर दिले होते, 'नाही'.

"दोन्हीकडे साडेसात दिसतायत, मग 'नाही' कसं?" एका सदस्याने विचारले. प्रश्न साधा होता, पण टिपण करणाऱ्या सहायकाकडे उत्तर नव्हते. त्याने लॅपटॉपवर दशांशस्थळे वाढवून पाहिली. रोख्याचा दर ७.४९२ निघाला. एका दशांशस्थळापर्यंत दाखवला की तो ७.५ होतो, पण तुलना करताना शीट दिसणारा आकडा घेत नाही, आतला घेते. उत्तर मिळाले, पण शंका वाढली, कारण विक्रेत्याच्या पत्रकात त्याच रोख्याचा दर ७.५२ छापलेला होता.

मग दुसऱ्या सहकाऱ्याने पडताळणीसाठी केलेली शीट काढली. तिच्यात ७.२० होते. तिसऱ्याने आपल्या पद्धतीने काढला तर ७.६५ आला. रोखा एकच, तारखा त्याच, रकमा त्याच, आणि दर चार. बैठक पुढे ढकलली गेली.

(संस्था आणि माणसे या अभ्यासापुरती रचलेली आहेत. आकडे मात्र कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये टाकून पडताळता येतील असेच घेतले आहेत. चलन कोणतेही धरा. फंक्शनांची नावे इथे देवनागरीत आहेत, शीटमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करायची.)

कागदावर काय होते

रोख्याची सेटलमेंट तारीख, म्हणजे पैसे देऊन रोखा आपल्या नावावर होण्याची तारीख, १६ जानेवारी २०२४. मुदतपूर्ती ३१ जुलै २०२४. गुंतवायची रक्कम ४८,०५,०००. मुदतीअंती हातात येणार ५०,००,०००. मधल्या काळात काहीही येणार नाही. म्हणजे कमाई १,९५,०००, आणि प्रश्न इतकाच की ही कमाई वर्षाला शेकडा किती पडली.

नेमक्या याच प्रश्नासाठी स्प्रेडशीटमध्ये 'इंट्रेट' हे फंक्शन आहे. एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क, गूगल शीट्स, तिन्हींत ते आहे आणि तिन्हींत आर्ग्युमेंटांचा, म्हणजे फंक्शनच्या कंसात द्यायच्या गोष्टींचा, क्रमही एकच: सेटलमेंट तारीख, मुदतपूर्तीची तारीख, गुंतवलेली रक्कम, परत मिळणारी रक्कम, आणि पाचवे, ऐच्छिक, बेसिस. (एक्सेलच्या २००७ पूर्वीच्या आवृत्त्यांत ते अ‍ॅनालिसिस टूलपॅक या अ‍ॅड-इनमध्ये असे आणि अ‍ॅड-इन चालू नसेल तर '#नेम?' अशी चूक यायची. जुन्या फायली उघडणाऱ्यांना हे आठवत असेल.)

आत चालणारे गणित शाळेतल्या सरळव्याजाचे आहे. कमाईला गुंतवलेल्या रकमेने भागायचे, मग वर्षाच्या दिवसांनी गुणायचे आणि रोखा हातात असलेल्या दिवसांनी भागायचे. इथे पहिला भागाकार १,९५,००० भागिले ४८,०५,०००, म्हणजे ४.०५८ टक्के. याबद्दल कुणाचा वाद असायचे कारण नाही. वाद दुसऱ्या टप्प्यात आहे: वर्षाचे दिवस किती आणि मधले दिवस किती? कॅलेंडर समोर असताना असा प्रश्न पडावा हेच बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. पण वित्तबाजारात दिवस मोजायच्या अनेक रीती आहेत आणि पाचवे आर्ग्युमेंट त्यांतली एक निवडण्यासाठीच असते.

पहिली शीट: जे लिहिलेच नाही ते

सहायकाचे सूत्र असे होते: =इंट्रेट(बी२, बी३, बी४, बी५). चार आर्ग्युमेंटे, चारही बरोबर, क्रमही बरोबर. पाचवे दिलेले नाही, आणि फंक्शन त्याबद्दल कुरकुरत नाही. बेसिस दिला नाही की ते शून्य धरते. शून्य म्हणजे ३०/३६० ही अमेरिकी पद्धत: प्रत्येक महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० दिवसांचे.

ही पद्धत आज अडाणी वाटते, पण तिच्यामागे कारण होते. हाताने व्याज काढायचे तेव्हा प्रत्येक महिन्याचे व्याज सारखे यावे, फेब्रुवारीचे वेगळे गणित नको, ही सोय फार मोलाची होती. कर्जरोख्यांच्या व्यवहारात ती आजही पुष्कळ ठिकाणी चालते, आणि स्प्रेडशीटांनी तीच न सांगता धरायची पद्धत म्हणून ठेवली.

आता मोजणी बघू. १६ जानेवारी ते १६ जुलै सहा महिने, म्हणून १८० दिवस. पुढे १६ जुलै ते ३१ जुलै. अमेरिकी नियमानुसार शेवटची तारीख ३१ असेल तर ती ३० तेव्हाच धरायची, जेव्हा सुरुवातीची तारीख ३० किंवा ३१ असेल. आपली सुरुवात १६ ला आहे, म्हणून ३१ तशीच राहते आणि १५ दिवस मिळतात. एकूण १९५. युरोपीय ३०/३६० पद्धतीत मात्र कुठलीही ३१ तारीख सरळ ३० होते, त्यामुळे तिच्यात १९४. आणि कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले तर, २०२४ हे लीप वर्ष असल्याने फेब्रुवारीचे २९ धरून, १९७.

पाचही बेसिस एकदा चालवून बघितले की चित्र स्पष्ट होते:

| बेसिस | पद्धत | दिवस / वर्ष | दर |
|---|---|---|---|
| ० | ३०/३६०, अमेरिकी | १९५ / ३६० | ७.४९२ % |
| १ | प्रत्यक्ष / प्रत्यक्ष | १९७ / ३६६ | ७.५४० % |
| २ | प्रत्यक्ष / ३६० | १९७ / ३६० | ७.४१६ % |
| ३ | प्रत्यक्ष / ३६५ | १९७ / ३६५ | ७.५१९ % |
| ४ | ३०/३६०, युरोपीय | १९४ / ३६० | ७.५३१ % |

ठेवीचा दर ७.५० आहे हे लक्षात ठेवून हा तक्ता पुन्हा वाचा. तीन बेसिसांनी रोखा वरचढ ठरतो, दोन बेसिसांनी ठेव. म्हणजे समितीचा निर्णय पाचव्या आर्ग्युमेंटवर टांगलेला होता, आणि ते आर्ग्युमेंट कुणी भरलेच नव्हते. सहायकाने चूक केली असे म्हणणे मला जड जाते. त्याने फंक्शनची मदत-खिडकी उघडली, तिथे पाचवे आर्ग्युमेंट चौकोनी कंसात होते, आणि चौकोनी कंस म्हणजे 'नाही दिले तरी चालेल' हे सगळ्यांनाच पाठ असते. फंक्शन चालण्यापुरते ते खरेही आहे.

दुसरी शीट: वजाचे चिन्ह पुसले की

७.२० कुठून आले याचा शोध जास्त वेळ खाणारा होता. आकडा इतका गुळगुळीत होता (पूर्ण दशांश दाखवले तरी ७.२००००) की कुणीतरी हातानेच टाइप केला असावा असा पहिला संशय आला. सेलवर क्लिक केले तर सूत्र निघाले: =एबीएस(इंट्रेट(बी२, बी३, बी५, बी४)).

तिसरे आणि चौथे आर्ग्युमेंट उलटसुलट झाले होते. आधी परत मिळणारी रक्कम, मग गुंतवलेली. फंक्शनला यात वावगे काहीच दिसत नाही. दोन्ही रकमा शून्यापेक्षा मोठ्या आहेत, सेटलमेंट मुदतपूर्तीच्या आधी आहे, बेसिस ० ते ४ च्या बाहेर नाही. यांपैकी काही बिघडले असते तर '#नम!' अशी चूक समोर आली असती. इथे आले उणे ७.२०. सहकाऱ्याला वाटले, चिन्हाचीच काय ती गडबड आहे. पैसे बाहेर गेले की उणे दाखवायची काही वित्तीय फंक्शनांना सवय असते, तसेच हेही असेल. त्याने एबीएस लावून वजा पुसले आणि पुढचे काम हाती घेतले.

गंमत म्हणजे ७.२० हा निरर्थक आकडा नाही. आर्ग्युमेंटे उलटली की कमाई १,९५,००० ला भागले जाते ५०,००,००० ने, म्हणजे परत मिळणाऱ्या रकमेने. हाच तर डिस्काउंट दर. 'डिस्क' नावाचे वेगळे फंक्शन नेमके हेच काढते, आणि त्याच बेसिसने ते चालवले तर तेही ७.२०० देते. म्हणजे सहकाऱ्याकडे बरोबर काढलेला पण वेगळ्याच प्रश्नाचा दर होता. डिस्काउंट दर सांगतो की दर्शनी किमतीतून वर्षाला शेकडा किती कापले. आपल्याला हवे होते, खिशातून गेलेल्या पैशांवर शेकडा किती मिळाले. पन्नास लाख तर गुंतवलेच नव्हते, गुंतवले ते ४८,०५,०००. एकाच व्यवहारात डिस्काउंट दर हा परताव्याच्या दरापेक्षा नेहमी कमीच दिसतो, आणि मुदत व कापणी वाढत गेली तशी दोहोंतली दरीही वाढते.

हे वाचून कुणी म्हणेल की ही हलगर्जी आहे, नियमाने टाळता येईल. टाळता येईल खरे. पण बाजारातच अशा रोख्यांचे दर दोन्ही रीतींनी सांगितले जातात. अमेरिकी ट्रेझरी बिलांचा, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांचा, भाव डिस्काउंट दराने आणि ३६० दिवसांच्या वर्षाने सांगायची पद्धत आहे. भारतातल्या ट्रेझरी बिलांचा परतावा ३६५ ने काढतात, आणि पौंडाच्या नाणेबाजारातही ३६५ चालते. कुणाच्या डोक्यात कुठली रीत आधी रुजली यावर त्याला कुठला आकडा 'बरोबर' वाटेल हे ठरते. म्हणून ७.२० बघून सहकारी दचकला नाही.

तिसरी शीट: चक्रवाढ आत शिरते तेव्हा

७.६५ वाल्याने 'इंट्रेट' वापरलेच नव्हते. त्याला 'एक्सआयआरआर' हे फंक्शन परिचयाचे होते. त्याने दोन तारखा, दोन रकमा (उणे ४८,०५,००० आणि अधिक ५०,००,०००) दिल्या आणि उत्तर घेतले. उत्तर ७.६४९. गणितात खोट नाही. पण एक्सआयआरआर चक्रवाढ धरते: १९७ दिवसांत ४.०५८ टक्के मिळाले, तेवढ्याच गतीने पैसे पुन्हा पुन्हा गुंतत राहिले तर ३६५ दिवसांत किती, असा तो दर आहे. 'इंट्रेट' सरळव्याज धरते. मुदत वर्षापेक्षा कमी असली की चक्रवाढीचा दर सरळव्याजापेक्षा जास्त दिसतो.

खरी अडचण पुढच्या ओळीत होती. त्याने रोख्याचे ७.६५ ठेवीच्या ७.५० शेजारी मांडले होते, आणि ठेवीचा ७.५० हा सरळव्याजाचा, मुदतीअंती एकदम मिळणारा दर होता. एकाला चक्रवाढीचा मुखवटा, दुसरा उघडा. त्यामुळे रोखा ०.१५ टक्क्याने पुढे दिसत होता. ठेवीचाही दर एक्सआयआरआरने काढला तर तो ७.६२९ येतो, आणि अंतर ०.०२ वर उतरते. दोन्ही सरळव्याजाने मोजले तरी अंतर ७.५१९ वजा ७.५००, म्हणजे तितकेच, पाऊण पानाच्या वादाच्या मानाने अगदी किरकोळ.

कुठला दर घ्यायचा?

पुढच्या बैठकीआधी लेखापरीक्षण बघणाऱ्या मॅडमनी सहायकाला बोलावले. तो म्हणाला, "मॅडम, २०२४ लीप वर्ष आहे, मग बेसिस १ घेऊ का? प्रत्यक्ष भागिले प्रत्यक्ष, सगळ्यात खरं तेच असणार."

"खरं-खोटं नंतर. त्या रोख्याच्या अटींचा कागद कुठाय?"

अटींच्या कागदावर एक ओळ होती: दिवसमोजणी प्रत्यक्ष / ३६५. ठेवीच्या पावतीच्या मागेही बँकेने व्याज ३६५ दिवसांच्या वर्षाने काढले जाईल असे छापले होते. दोन्ही पर्याय एकाच रीतीचे निघाले. बेसिस ३. दर ७.५१९. विक्रेत्याच्या पत्रकातले ७.५२ हेच होते, फक्त दोन दशांशांत.

'सगळ्यात खरी' अशी दिवसमोजणी नसते. बेसिस १ चे नाव प्रामाणिक वाटते इतकेच. मुदत दोन कॅलेंडर वर्षांत विभागली गेली आणि त्यातले एक लीप असले की 'प्रत्यक्ष वर्ष' म्हणजे ३६५ की ३६६ की मधले काही, हा प्रश्न तिथेही उभा राहतोच. बेसिस ही गणिताची निवड नाही, करारातली अट आहे, आणि ती शीटमध्ये करारातूनच यायला हवी. मॅडमनी मागितलेला कागद पहिल्या दिवसापासून त्याच फाइलमध्ये होता. चारही दर काढणाऱ्यांपैकी विक्रेता सोडला तर तो कुणी उघडला नव्हता, आणि या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत लाजिरवाणी गोष्ट तीच.

पाचशेचा खर्च

इथवर आल्यावर रोखा ठेवीपेक्षा सरस ठरला: ७.५१९ विरुद्ध ७.५००. पैशांत बोलायचे तर ४८,०५,००० ची ठेव १९७ दिवसांत १,९४,५०३.७७ देते, रोखा १,९५,०००. फरक ४९६.२३. एका सदस्याने हसून विचारले की एवढ्यासाठी दोन बैठका झाल्या का. त्याचे हसणे रास्त होते, पण समितीचा लेखी नियम 'जास्त दराचा पर्याय' असा होता आणि नियमाला रक्कम कळत नाही.

तेवढ्यात मॅडमनी तिसऱ्या आर्ग्युमेंटकडे बोट दाखवले. "गुंतवलेली रक्कम ४८,०५,००० कशी? ती विक्रेत्याला दिलेली. दलाली आणि रोखा खात्यात ठेवायचा आकार?" दोन्ही मिळून ५०० होते. ते वेगळ्या बिलात आले होते, वेगळ्या खात्याला नावे टाकले होते, आणि दराच्या शीटपर्यंत पोहोचलेच नव्हते. ठेवीला असा खर्च नाही.

बी४ मध्ये ४८,०५,५०० टाकले. बेसिस ३ तसाच. दर ७.४९९.

पुन्हा 'नाही'. पहिल्या शीटने चुकीच्या कारणाने दिलेले उत्तर बरोबर कारणानेही तेच आले. योगायोगाने आलेले असे बरोबर उत्तर सरळ चुकीच्या उत्तरापेक्षा घातक, कारण पुढच्या वेळी तीच शीट विश्वासाने वापरली जाते. खर्च धरून तीच ४८,०५,५०० ची रक्कम ठेवीत ठेवली असती तर १,९४,५२४ मिळाले असते, रोख्यातून निव्वळ १,९४,५००. आता ठेव पुढे, आणि फरक २४ चा.

इतक्या अंतरावर दर हा निकष संपलेला असतो, आणि समितीने ते ओळखले. रोखा मुदतीआधी बाजारात विकता येतो, भाव मिळेल तो. ठेव मोडली तर दंड, पण मुद्दल ठरलेले. जूनमध्ये एक मोठे देणे होते आणि त्याची तारीख नक्की नव्हती. ठेवीच्या अटींत मुदतीआधी मोडल्यास व्याजदर एक टक्क्याने कमी असे होते. त्या आधारावर चर्चा झाली, पंधरा मिनिटांत संपली, आणि समितीने ठेव निवडली. दराची ओळ टिपणात राहिली, पण तिच्यापुढे लिहिले गेले: 'दोन्ही पर्याय दराने समान मानले.'

शीटची दुरुस्ती

नमुना शीट नव्याने बांधताना बेसिसला स्वतःचा सेल मिळाला, ड्रॉपडाउनसह, आणि तो रिकामा असेल तर दराच्या जागी 'करार बघा' असे दिसते. खर्चाला वेगळी ओळ मिळाली, ती आपोआप गुंतवलेल्या रकमेत मिसळते. दर तीन दशांशांपर्यंत दाखवायचे ठरले. फंक्शनच्या शेजारी तेच गणित हाताने लिहिले: =(बी५-बी४)/बी४*३६५/(बी३-बी२), आणि दोहोंतला फरक शून्य नसेल तर सेल लाल. हे हातचे सूत्र बेसिस ३ पुरतेच चालते, पण या संस्थेचे बहुतेक रोखे त्याच रीतीचे असल्याने तेवढे पुरले. एबीएसवर बंदी आली. उणे दर आला तर तो उणेच दिसू दे, म्हणजे कुणीतरी विचारेल.

तारखांनी मात्र या कामात सर्वांत जास्त घाम काढला. विक्रेत्यांकडून येणाऱ्या याद्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फायलींत असत आणि ज्या संगणकावर त्या उघडल्या जात त्यावर आधी महिना, मग दिवस अशी मांडणी होती. १६/०१/२०२४ मध्ये सोळावा महिना नसतो, म्हणून शीटने तो मजकूर म्हणून ठेवला: सेलमध्ये डावीकडे चिकटलेला, आणि फंक्शनमध्ये '#व्हॅल्यू!'. ही चूक चांगली, कारण ती ओरडते. शीटच्या लेखी खरी तारीख म्हणजे एक क्रमांक असतो. एक्सेलच्या नेहमीच्या पद्धतीत १६ जानेवारी २०२४ म्हणजे ४५३०७ आणि ३१ जुलै म्हणजे ४५५०४, वजाबाकी १९७. सेलचे स्वरूप 'संख्या' केल्यावर असा क्रमांक दिसला नाही तर ती तारीख नाही, तारखेसारखा दिसणारा मजकूर आहे.

गप्प बसणाऱ्या चुका वेगळ्या. यादीतल्या दुसऱ्या एका रोख्याची मुदतपूर्ती ०५/०८/२०२४ होती, म्हणजे ५ ऑगस्ट. शीटने वाचली ८ मे. २०२ दिवसांचे ११३ झाले आणि साडेसात टक्क्यांच्या आसपासचा दर १३.४ दिसला. तो बघून कुणीही थबकेल, आणि थबकलेही. पण त्याच यादीत ०७/०८/२०२४ ही होती. ७ ऑगस्टची ८ जुलै झाली, २०४ दिवसांचे १७४, आणि ७.४ चा दर ८.७ झाला. ८.७ बघून कुणी थबकत नाही, खूश होते. तो रोखा दरानुसार लावलेल्या यादीत सर्वांत वर जाऊन बसला होता. तेव्हापासून सीएसव्हीतली तारीख थेट वापरायची नाही, दिवस, महिना, वर्ष वेगळे करून 'डेट' फंक्शनने बांधायची असे ठरले. आठवड्याचा वारही शेजारच्या रकान्यात दिसतो. मुदतपूर्ती रविवारी आली तर बहुधा तारीखच उलटलेली असते.

नव्या शीटची पहिली खरी परीक्षा तीन वर्षांच्या एका रोख्याने घेतली. ८० ला घ्यायचा, १०० परत, मध्ये काही नाही. 'इंट्रेट'ने विनातक्रार सुमारे ८.३३ टक्के दिले: २५ टक्के कमाई, तीन वर्षांत वाटलेली. फंक्शनला मुदतीची मर्यादा नाही, सरळव्याजाला आहे. चक्रवाढीने तोच दर ७.७२ पडतो, आणि वर्षाला व्याज जमा होणाऱ्या ठेवीशी तुलना करायची तर तोच हवा. त्यासाठी 'आरआरआय' फंक्शनला फक्त वर्षे आणि दोन रकमा द्याव्या लागतात. सहायकाने शीटमध्ये एक अट घातली: मुदतपूर्ती वजा सेटलमेंट ३६६ पेक्षा जास्त झाली की 'इंट्रेट'चा रकाना करडा होतो आणि शेजारी आरआरआयचा दर उघडतो. वर्षातून एकदा वा अधिक वेळा व्याज देणारे रोखे या शीटमध्ये घ्यायचेच नाहीत, त्यांना 'यील्ड' फंक्शनची वेगळी शीट आहे, हे त्याने पहिल्याच ओळीत लिहून ठेवले.